कड्याखालच्या तीन खोल्या

मेश्राम मॅडम आमच्या जयपूरच्या, बनी पार्कमधल्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी उठून "नमस्कार" म्हटलं, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरच्या छताकडे बघत विचारलं, "ही चीर कधीची आहे?"

मी त्या टेबलाशी सात महिने बसत होते. वर चीर आहे हे मला तेव्हा कळलं.

त्या चपला काढून स्टुलावर चढल्या, नखानं चीर खरवडली, बोट वास घ्यायला नाकाशी नेलं आणि खाली उतरल्या. "प्लास्टरची आहे. राहू दे. स्लॅबमध्ये नाही गेली." मग हात झटकत माझ्याकडे पाहिलं. "तू मराठी न? नाव काय तुझं?"

"ऋजुता. नाशिकची."

"मी चंद्रपूरची. बस न, उभी काऊन राहिली?"

पण स्वतः काही बसल्या नाहीत. पुढच्या दोन वर्षांत मी त्यांना ऑफिसच्या खुर्चीत बसलेलं क्वचितच पाहिलं. डबा खिडकीशी उभ्यानं खायच्या. फोनवर बोलताना जिन्यातून खालीवर करायच्या. मिटिंग चालू असली की भिंतीला टेकून एक पाय हलवत राहायच्या, आणि आमचे माथुर सर बोलता बोलता त्या पायाकडे बघून वाक्य विसरायचे. "मैडम, प्लीज़ बैठिए," ते म्हणायचे. "जी सर," म्हणून त्या दुसऱ्या भिंतीला टेकायच्या.

आमचं ऑफिस छोटं, आठ माणसांचं. डोंगर कापून काढलेले रस्ते, जुन्या खाणींचे कडे यांचे ड्रोननं फोटो काढायचे आणि कुठला उतार धोक्याचा आहे याचा अहवाल द्यायचा, असं काम. फोटोतल्या भेगा आपोआप शोधून त्यावर रेघा काढणारा प्रोग्राम मी लिहीत होते. त्या भेगांचा अर्थ सांगायला मॅडमना नेमलं होतं. मिस्टर मेश्राम रेल्वेत सिग्नल विभागात. बदली होऊन जयपूरला आलेले. स्टेशनजवळ क्वार्टर होतं. मॅडमनी आधी कॉलेजात भूशास्त्र शिकवलं होतं, मग ठिकठिकाणच्या घाटरस्त्यांवर काम केलं होतं. पन्नाशी उलटलेली. बुटक्या, काटक. सुती साडी, पायात बूट, खांद्यावर कापडी झोळी. झोळीत हातोडी, होकायंत्र, स्टीलची पट्टी, खडू, आणि पाण्याची एक बाटली जी त्या पिण्यासाठी नाही, दगडावर ओतायला न्यायच्या. ओलं केलं की कोरडी न दिसणारी भेग दिसते म्हणे.

माझ्या प्रोग्रामनं काढलेल्या रेघा मी पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा मला फार अभिमान होता. एका कड्यावर दोन हजारांच्या वर भेगा पकडल्या होत्या. मॅडमनी स्क्रीनवरून नजर फिरवली.

"छान आहे. पण यातल्या तीन पुरतात."

"म्हणजे?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या ताटभर पाटवड्या घेऊन आल्या. ऑफिसातली सगळी जमली. कुणी हात पुढे केला की मॅडम चापट मारायच्या. त्यांनी ताट एका बाजूनं थोडं उचललं. काही झालं नाही. आणखी उचललं. ताटाला तेल होतं, वड्या चौकोनी कापलेल्या होत्या. कडेची एक सुळकन घसरून टेबलावर पडली, मग तिच्या मागची.

"वडी कच्ची होती का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"तुटली का?"

"नाही. आख्खी आहे."

"हेच. खालून तेलकट थर, मागून एक काप, दोन्ही बाजूंनी एकेक काप. आणि पुढून आधार काढला. मग वडी कितीही घट्ट असू दे, ती तिथं राहत नाही. डोंगर फोडून पडत नाही ग, तो आधीच फुटलेला असतो. कुठून फुटलाय नि कुठे झुकलाय, एवढंच पाहायचं." आणि मग ताट पुढे करून, "आता खा."

मी त्यानंतर प्रोग्राम बदलला. भेगा मोजणं सोडून त्यांच्या दिशा शोधायला लागले. ते आधी कुणी मला सांगितलं नव्हतं.

जयपूरजवळच्या आमेरला एका कड्याकडे आम्ही गेलो ते खरं तर दुसऱ्याच कामासाठी. रस्त्याच्या एका वळणाची पाहणी होती. काम संपल्यावर मॅडम परतीच्या बसकडे न येता उलट्या दिशेनं चालायला लागल्या. गावाच्या कडेला एक गेस्टहाऊस होतं. पुढे जुनं दोनमजली घर, आणि मागे डोंगराला चिकटून तीन नव्या खोल्या, फिक्या गुलाबी रंगाच्या. त्या खोल्यांसाठी डोंगराचा पायथा उभा कापला होता. खोल्यांच्या मागच्या भिंतीपासून कडा दोनेक हात अंतरावर.

मालक गोपालजी. चाळिशीतला, हसतमुख माणूस. आम्ही गिऱ्हाईक असू असं वाटून त्यांनी खोल्या उघडून दाखवल्या. मॅडम खोलीच्या मागच्या बोळात शिरल्या. मीही गेले. कडा पांढरट गुलाबी, उन्हात कणाकणानं चमकणारा. मी हातोडी घेऊन एक टोला मारला. खणकन आवाज आला, घंटेसारखा.

"केवढा पक्का दगड आहे!" मी म्हणाले.

मॅडमनी माझ्या हातातून हातोडी काढून घेतली.  बाटलीतलं पाणी कड्यावर ओतलं आणि बोटानं दाखवलं. थर सगळे आमच्या बाजूला, खोल्यांकडे उतरत होते. आणि पायथा कापल्यामुळे त्यांची खालची टोकं हवेत मोकळी झाली होती. दोन थरांच्या मधे करड्या, चमकत्या मातीची बोटभर पट्टी होती. मॅडमनी ती ओली करून चिमटीत चोळली आणि माझ्या तळव्यावर पुसली. साबणासारखी बुळबुळीत.

मग आम्ही कड्याच्या वर चढलो. वर, काठापासून चार पावलं मागे, झुडपांतून एक लांब फट गेली होती, कड्याला समांतर. सुपारी आत पडेल एवढी रुंद. मॅडम गुडघ्यांवर बसून फटीत बघत राहिल्या. नंतर दोन्ही टोकांना गेल्या. तिथे दोन तिरप्या भेगा खाली उतरत होत्या.

मला ताटातली वडी दिसली. 

गोपालजींना मॅडमनी सरळ सांगितलं. "भैयाजी, इन तीन कमरों में किसी को मत रखिए. बारिश से पहले तो बिलकुल नहीं."

गोपालजी हसले. "मैडमजी, ये पहाड़ तो मेरे परदादा के ज़माने से ऐसा ही खड़ा है."

"खड़ा था. उसका पैर आपने काटा है."

ते त्यांना लागलं. हसू गेलं. मागे ओसरीवर त्यांची बायको संतोष गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

परतीच्या बसमध्ये जागा होती, तरी मॅडम दांड्याला धरून उभ्या होत्या. आमेर मागे पडलं तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "खणखणीत वाजला न? माझाही वाजला होता."

मग त्यांनी सांगितलं ते मी इथे थोडक्यात सांगते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं. तरुणपणी, कोकणात उतरणाऱ्या एका घाटरस्त्याच्या कामावर त्या होत्या. उन्हाळ्यात कडा तपासला. काळा कातळ, हातोडी मारली की खणखणीत. त्यांनी 'ठीक आहे' म्हणून सही केली. कातळाच्या खाली लाल मातीचा एक थर होता. तो त्यांनी पाहिला, वहीत लिहिलाही, पण कातळ इतका मजबूत होता की त्या थराचं त्यांना काही वाटलं नाही. पावसाळ्यात लाल माती भिजून सरकली आणि वरचा उभ्या भेगांचा कातळ खांबासारखा कलून खाली आला. खाली गटार साफ करणारा एक मजूर होता. बबन नाव. रोज सकाळी त्यांना 'बाई, चा घेनार का' विचारायचा.

"चौकशीत मला कुणी काही म्हटलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दगड मजबूत होता, असंच सगळ्यांनी लिहिलं. होताच तो मजबूत."

शहरात चांदपोलला बस रिकामी होत होती. त्या बाहेर बघत होत्या. 

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फटीवर काचेच्या तीन पट्ट्या बसवल्या. फटीच्या दोन्ही काठांना प्लास्टरनं घट्ट चिकटवलेली पातळ काच. फट जराशी जरी सरकली तरी काच तडकते. गोपालजींनी नाही म्हटलं नाही. बहुधा ही बाई पट्ट्या लावून निघून जाईल असं त्यांना वाटलं. मॅडम दर मंगळवारी आणि शनिवारी ऑफिस सुटल्यावर बसनं आमेरला जायच्या. बसचे कंडक्टर त्यांना 'पत्थरवाली मैडम' म्हणायला लागले. हे ऑफिसचं काम नव्हतं, तिकीट स्वतःचं, वेळ स्वतःचा. मिस्टर मेश्राम मला एकदा म्हणाले, "हिला मी सिग्नलसारखं बघतो. लाल असताना विचारायचं नाही."

मॅडमनी पालिकेतही अर्ज दिला. अर्ज घेणाऱ्यानं विचारलं, "गिरा क्या?" नाही म्हटल्यावर त्यानं अर्जावर शिक्का मारून तो ढिगाखाली ठेवला.

श्रावणात सलग तीन दिवस पाऊस झाला. जयपूरला असा पाऊस झाला की लोक खूश असतात, नाहरगड किल्ल्याकडे गाड्या काढून भजी खायला जातात. चौथ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. "काच तुटली. तिन्ही. तू येते का? मला साक्षीदार पाहिजे."

मी विद्याधर नगरच्या माझ्या खोलीवरून रिक्षा करून गेले. पाऊस थांबला होता. गेस्टहाऊससमोर मांडव होता. गोपालजींच्या पुतणीची सगाई. पाहुणे आले होते आणि मागच्या तिन्ही खोल्या भरलेल्या होत्या. दारात लहान मुलांच्या चपलांचा ढीग. मॅडम गोपालजींशी बोलत होत्या. बोलत कसल्या, हात जोडत होत्या.

"आज का दिन है मैडमजी, आज के दिन अशुभ मत बोलिए."

"भैयाजी, सिर्फ़ कमरे खाली कर दीजिए. सगाई आगे के आँगन में कीजिए न."

"पंद्रह मेहमान हैं. कहाँ रखूँ?"

हे असं बराच वेळ चाललं. दोनचार पुरुष जमले. एकानं विचारलं, ही कोण, सरकारी आहे का. नाही म्हटल्यावर तो हसला. मग मॅडम एकदम वळल्या. झोळी माझ्याकडे दिली आणि सरळ चालत मधल्या खोलीत गेल्या. तिथे मागच्या भिंतीशी एक प्लास्टिकची खुर्ची होती. त्या तिच्यात बसल्या.

"ठीक है," त्या म्हणाल्या. "आप लोग रहेंगे तो मैं भी यहीं रहूँगी."

आधी लोकांना गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. मी दारात उभी होते आणि खरं सांगते, मला आत पाऊल टाकवेना. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय अजिबात हलत नव्हता. ही बाई घाबरलेली आहे, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा तेच कामी आलं. पाहुण्यांपैकी एका तरुण आईनं आपलं मूल उचलून बाहेर नेलं. मग संतोष पुढे आली. पदर खोचला, पलंगावरची गादी गुंडाळली आणि नवऱ्याला म्हणाली, "आँगन में बिछा देंगे जी. एक रात की ही तो बात है." गोपालजी काही बोलायच्या आत दुसरी गादीही निघाली.

शेवटचं माणूस बाहेर पडलं तेव्हा मॅडम उठल्या.

पण त्या दिवशी कडा पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, ऊन पडलं, चिखल वाळला. सगाई मोडता मोडता राहिली, अपशकुन झाला अशी कुजबुज झाली. गोपालजींनी आमच्या ऑफिसात तक्रार केली. माथुर सरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार बंद होतं, पण त्यांचा आवाज ऐकू येत होता: "किस हैसियत से, मैडम? किस हैसियत से?" मॅडम बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते. सरळ जिन्यात गेल्या आणि खालीवर करायला लागल्या.

ते दहा दिवस त्यांच्याकडे बघवत नव्हतं. रोज सकाळी ऑफिसच्या आधी आमेर, रोज फटीची मापं. फट रुंदावत होती, पण हळू. मध्येच मला विचारायच्या, "मी चुकली असेन का ग? पाणी तर आता निघून गेलं असेल खालून." मग स्वतःच, "नाही. काल परत सरकली." एकदा डबा उघडून नुसत्याच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही पडला तर लोक हसतील, त्याचं काही नाही. पण पडावा असं मनात येऊन जाते, ते वाईट आहे. कुणाचं घर पडावं असं कुणी मनात आणते का, बाप्पा?"

गोपालजींनी रविवारपासून खोल्या पुन्हा उघडायचं ठरवलं. शुक्रवारी मॅडम पुन्हा गेल्या. या वेळी हात जोडले नाहीत, भांडल्या नाहीत. ओसरीवर संतोषपाशी उकिडव्या बसल्या आणि तिला वहीतली मापं वाचून दाखवली, ओळीनं, तारीखवार. संतोषला आकडे किती कळले कोण जाणे. ती ऐकत होती. शेवटी तिनं खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा खुंटीवरून काढून कमरेला खोचला. "चाबी मेरे पास है," ती म्हणाली. "आप आराम से जाओ, मैडमजी."

शनिवारी सकाळी, कडक ऊन होतं, आकाशात ढगाचं नाव नाही. संतोषनं नंतर सांगितलं की आधी खोल्यांच्या पत्र्यावर खडे पडायला लागले, कुणी वरून बोरं टाकावीत तसे. ती धुणं टाकून अंगणात पळाली. मग एक लांबलचक घासल्यासारखा आवाज, आणि मग तिला काही दिसलंच नाही, फक्त पांढरी धूळ.

आम्ही पोचलो तेव्हा धूळ बसली होती. मधली आणि उजवीकडची खोली नव्हतीच. त्यांच्या जागी घराएवढे ठोकळे, काठ धारदार, सपाट, जणू करवतीनं कापलेले. डावीकडच्या खोलीची एक भिंत उभी होती आणि तिच्यावरचा आरसा शाबूत होता. कुणालाही ओरखडाही आला नव्हता.

गोपालजी ओसरीच्या खांबाशी जमिनीवर बसले होते. मॅडमना बघून उठायला लागले. "मैडमजी..." ते म्हणाले.

मॅडमनी ऐकलंच नाही. ढिगाऱ्याजवळ पंधरावीस माणसं मोबाइलनं व्हिडिओ काढत होती. त्या धावत सुटल्या. "हटो! पीछे हटो सब! ऊपर देखो, ऊपर!" पुढचा ठोकळा गेल्यामुळे त्याच्या मागचा थर आता उघडा पडला होता आणि त्याच्याही मागे एक बारीक रेघ दिसत होती. लोक हटेनात तेव्हा त्यांनी एकाचा मोबाइल हिसकावून मागे फेकला. मग हटले.

थोड्या वेळानं त्यांनी मला टेप धरायला लावला. पडलेल्या थराची जाडी मोजायची होती.  आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यांना तो वाचता येत नव्हता.

"तू वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचला. त्यांनी लिहिला. अक्षर वहीत ओळ सोडून खाली गेलं होतं.

पुढे सगळं पटापट झालं. पालिकेची माणसं आली, उरलेला धोकादायक भाग पाडला गेला. माथुर सरांनी मॅडमसाठी ऑफिसात मिठाई मागवली. मॅडमनी ती खाल्ली नाही, पण सगळ्यांना वाटली. गोपालजी दिवाळीला मावा कचोरीचा डबा घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेले होते, असं मिस्टर मेश्रामांकडून कळलं. आता निवांत होतील, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आमेरची इतर घरंही आता त्यांना बोलवायला लागली. 'ज़रा हमारे पीछे भी देख लो, मैडमजी.' त्या बघायच्या. बहुतेक ठिकाणी 'काही नाही, झोपा' म्हणायच्या. दोन ठिकाणी तसं म्हणाल्या नाहीत, आणि तिथे पुन्हा पट्ट्या, पुन्हा बस, पुन्हा वही.

पुढच्या पावसाळ्यात मला पुण्यात नोकरी लागली. निरोपाचं जेवण ठरलं होतं त्या दिवशी मॅडम आल्याच नाहीत. "काम निघालं ग, सॉरी" असा दोन ओळींचा मेसेज आला. मला राग आला होता, लपवत नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी आमेरहून बसनं परत येत होते. आईसाठी ओढण्या घ्यायला गेले होते. सकाळी सर पडून गेली होती. एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या. बस मुंगीच्या पावलानं पुढे सरकली तेव्हा मला दिसलं: रस्त्यात एक शाळेची जीप उभी, आणि तिचं मागचं दार उघडं. डांबरावर डोंगरातून आलेले ताजे खडे विखुरले होते, मुठीएवढे, फार नव्हते. जीपचा ड्रायव्हर हात उडवून काहीतरी सांगत होता. मेश्राम मॅडम त्याच्याकडे पाठ करून मुलांना खाली उतरवत होत्या. एकेकाला काखेत धरून. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. मग त्यांनी मुलांची दोघादोघांची रांग केली आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालवायला लागल्या.

मी खिडकीतून हाक मारली. बसच्या हॉर्नमध्ये ती गेली.

सगळ्यांत धाकट्या मुलीनं त्यांचं बोट धरलं होतं आणि ती उड्या मारत काहीतरी विचारत होती. मॅडम उत्तर देत होत्या, वाकून, मन लावून. आणि चालताना हळूहळू सरकत सरकत त्या मुलांच्या आणि डोंगराच्या मधे आल्या होत्या.